धर्मग्रामाचे वृत्त

वसईच्या कॅथलिक समाजात अलीकडे एक मत वारंवार ऐकू येते, आणि ते बहुधा अशाच मंडळींच्या मुखातून येते की ज्यांच्या धर्मनिष्ठेविषयी कोणी शंका घेऊ नये. चर्चच्या पत्रिकेने आत्म्याचे पोषण करावे. पाणी, जमीन, महापालिका, जमाखर्च असल्या ऐहिक गोष्टींचा तिला संसर्ग होऊ देऊ नये. त्या गोष्टींसाठी दैनिके आहेत, सभा आहेत, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात व्हॉट्सॲपही आहे, असे ते मत होय. हे मत दिसावयास मोठे सात्त्विक आहे. आमच्या मते ते घातक आहे, आणि ते का, हे स्पष्ट शब्दांत मांडावे एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

ज्या वाचकांस या समाजाचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात त्याला वसईकर ख्रिस्ती ‘धर्मग्राम’ म्हणतात. एक चर्च, त्याच्या भोवतालच्या आळ्या व वाड्या, आणि त्या सर्वांची काळजी वाहणारा एक प्रमुख धर्मगुरू, असा हा संसार असतो. निर्मळ, नंदाखाल, आगाशी, पापडी, सांडोर ही अशा धर्मग्रामांची नावे. १९९८ साली मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला. परंतु धर्मग्राम त्याहून फार जुने आहेत, काहींचे मूळ पोर्तुगीज अंमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या कालखंडात आहे. अशा धर्मग्रामाची पत्रिका उघडली की बिशपांचा संदेश, एखाद्या संताचे चरित्र, मुलांच्या स्पर्धांचे निकाल, बाप्तिस्मे, विवाह, मृत्यू आणि देणगीदारांची यादी असा मजकूर सामान्यतः आढळतो.

‘ही त्या समाजाची घरगुती बाब; वाङ्मयविषयक मासिकात तिचे काय काम?’ असा आक्षेप कोणी घेईल, तर त्याचे उत्तर सोपे आहे. जो समाज आपली सुखदुःखे मराठीत छापतो त्याचे छापील शब्द मराठी वाङ्मयाच्या कक्षेतच येतात. थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण गोव्यातील राशोल येथे १६१६ साली मुद्रित झाले. त्याच्या ओव्यांचा गौरव आमचे टीकाकार करतात, तो यथायोग्यच आहे. परंतु १९५५ पासून वसईत ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक निघत आले, त्यातील गद्याची समीक्षा किती जणांनी केली? त्याच मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू या पदावर कसा, म्हणून काहींनी गदारोळ केला. एरव्ही मौन आणि प्रसंगी गदारोळ, या दोहोंपेक्षा सरळ वाचणे बरे. असो.

आता मूळ मुद्दा. वृत्त आणि अध्यात्म ही दोन वेगळी खाती आहेत, ही कल्पना कॅथलिक परंपरेतली नव्हेच. धर्मग्रामातील सर्वांत जुनी सार्वजनिक बातमी कोणती? विवाहाची पूर्वघोषणा. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती सर्वत्र आवश्यक ठरविली, आणि ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली नियम घातला की, लागोपाठच्या तीन सणांच्या दिवशी, मिस्साबलिदानाच्या वेळी, वधूवरांची नावे सर्वांसमक्ष वाचावी. कशासाठी? कोणास काही बाधा ठाऊक असल्यास ती त्याने सांगावी म्हणून. येथे बातमी ही करमणूक नाही, की गौरवही नाही. ऐकणाऱ्यावर ती एक कर्तव्य टाकते. एखादा पुरुष पहिली बायको गावी टाकून दुसरा संसार थाटू पाहत असेल, तर बाकावर बसलेल्या ज्या माणसास ते ठाऊक आहे त्याने उठून सांगितले पाहिजे. तो गप्प बसला तर ती त्याचीही चूक. वेदीच्या पायरीवरून वाचलेल्या दोन ओळींत एका अनोळखी स्त्रीचे रक्षण साठविलेले होते. त्याच परिषदेने बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूवर बंधनकारक केले, आणि चालू धर्मविधानही त्या नोंदवह्या मागतेच.

इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केलेल्या वाचकास येथे जॉर्ज क्रॅब आठवेल. त्याने १८०७ साली ‘पॅरिश रजिस्टर’ नावाचे काव्य प्रसिद्ध केले. तो अँग्लिकन पाद्री, कॅथलिक नव्हे. परंतु त्याची योजना पाहा. धर्मगुरू वर्षाची नोंदवही घेऊन बसतो आणि बाप्तिस्मे, विवाह, दफने अशा तीन भागांत आपल्या गावाची कथा सांगतो. नाव, तारीख आणि आईबापांची नावे एवढ्याच रूक्ष सामग्रीतून दारिद्र्य, फसवणूक, माया आणि मरण ही सारी उभी राहतात. ज्याला नोंदवहीत अध्यात्म दिसत नाही त्याला ते स्तोत्रसंग्रहातही दिसण्याची आशा आम्हांस थोडीच वाटते.

‘आम्हांला प्रार्थना हवी, बातमी नको,’ असे म्हणणाऱ्यांस आमचा प्रश्न असा की, ज्याची बातमी नाही त्याच्यासाठी प्रार्थना कशी करणार? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत श्रद्धावंतांची सामूहिक प्रार्थना पुन्हा सुरू केली, आणि लोकभाषांनाही उपासनेचे दार उघडले. ही मोठीच देणगी होती. उपदेशानंतर सामान्य माणसाने पुढे यावे आणि आपल्या लोकांच्या गरजा आपल्या भाषेत देवापुढे मांडाव्या, अशी ती योजना. तिचे आज कित्येक ठिकाणी काय झाले आहे? ‘सर्व आजाऱ्यांसाठी’, ‘सर्व दुःखितांसाठी’, ‘जगातील शांततेसाठी’ अशी छापील वाक्ये कोणी तरी शाळकरी मुलगी भरभर वाचते आणि सभा यंत्रवत् प्रतिसाद देते. सर्व आजाऱ्यांसाठी केलेली प्रार्थना चुकीची नाही. परंतु ती कोणासच उठवीत नाही. शेवटच्या आळीत अमुक बाई तीन महिने अंथरुणाला खिळली आहे आणि तिचा मुलगा आखातात आहे, असे कळले तर प्रार्थना संपताच दोन बायका पेजेचे भांडे घेऊन तिकडे वळतील. पहिल्या प्रार्थनेत आणि दुसरीत जो फरक आहे तो भक्तीचा नसून वृत्ताचा आहे. विशिष्ट माणूस पुढे नसला की शेजारधर्माचे हवेतले व्याख्यान होते.

परंतु या मंडळींची खरी अडचण आजाऱ्यांच्या बातम्यांशी नाही, हे आम्ही जाणतो. ती पाण्याच्या व जमिनीच्या बातम्यांशी आहे. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे.

वसई म्हणजे विहिरींचा मुलूख. केळी, पानवेली, फुले, भाजीपाला, सारी बागाईत विहिरींवर आणि बावखलांवर पोसली. बावखल म्हणजे वाडीतले तळे; पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि भोवतालच्या विहिरी गोड ठेवते. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या या भूमीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत असते. उपसा मर्यादेत आहे तोवर हा समतोल टिकतो. तो वाढला की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा विहीर खारट झाली की ती पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. १९८० नंतर पूर्वेकडे इमारती वाढू लागल्या, त्यांना पाणी पुरविण्यासाठी पश्चिमेकडच्या विहिरींवर टँकर येऊ लागले, आणि रात्रंदिवस पंप चालू झाले. त्याविरुद्ध ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली, फादर दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते, आणि त्याबद्दल त्यांनी रोषही पत्करला.

आता विचारावयाचे ते हे. टँकरला पाणी विकणारा कोण होता? तो दूरदेशचा परका नव्हता. कित्येकदा तो त्याच चर्चमध्ये, त्याच बाकावर, ज्या शेजाऱ्याची विहीर खारट झाली त्याच्याच शेजारी गुडघे टेकीत होता. बावखलात राडारोडा टाकून ते बुजविणारा आणि त्यावर बांधलेल्या घराला आशीर्वाद द्यावयास धर्मगुरूंना बोलाविणारा माणूस एकच असू शकतो. या परिस्थितीत पत्रिकेने विहिरींविषयी मौन पाळले आणि त्या जागी ‘शेजाऱ्यावर प्रीती करा’ या विषयावर निबंधस्पर्धा घेतली, तर त्यास अध्यात्म म्हणावयाचे काय? प्रायश्चित्तकाळात लोक पापनिवेदनास रांग लावतात. त्या रांगेत उभे राहण्यापूर्वी आपला पंप कुणाचे पाणी ओढतो हे माणसास कळले पाहिजे; नाहीतर तो उपवास मोडल्याची कबुली देऊन हलक्या मनाने घरी जाईल. आमोस संदेष्ट्याने खोट्या तराजूविषयी बोलताना ऐहिक विषयांचा विटाळ मानला नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शुद्ध पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे लिहिले. जे रोमला लिहिण्याजोगे वाटले ते वसईतील पत्रिकेस अध्यात्मबाह्य कसे वाटावे, हे आमच्या बुद्धीस अगम्य आहे.

आणि ज्या पत्रिकेतून पाणी वर्ज्य झाले तिच्यात काय येते तेही पाहावे. सत्कार! रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, नव्या मंडपाचे उद्घाटन, जुन्या मंडपाचे नूतनीकरण, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. पुढच्या ओळीत कोण बसले आणि फीत कोणी कापली. हा सर्व मजकूर ऐहिकच की! ऐहिक गोष्ट अप्रिय असेल तरच तिचा विटाळ होतो आणि ती गोड असेल तर ती रंगीत छापली जाते, असा हा शुद्धाशुद्धविवेक आहे. देणगीदारांच्या नावांपुढे रकमा बिनचूक असतात. परंतु त्या रकमांचे पुढे काय झाले याचे टिपण शोधूनही सापडत नाही, अशी तक्रार आम्ही एकाहून अधिक धर्मग्रामांतील लोकांकडून ऐकली आहे. या बाबतीत १९८३ सालचे धर्मविधान, १२८७ वे कलम, असे सांगते की, श्रद्धावंतांनी चर्चला जे दिले त्याचा हिशेब प्रशासकांनी श्रद्धावंतांस, स्थानिक नियमांनुसार, द्यावा. तेव्हा जमाखर्च मागणारा माणूस बंडखोर नव्हे. तो आपल्याच चर्चचे विधान वाचणारा आहे.

येथे न्यूमनचे स्मरण केल्यावाचून राहवत नाही. १८५९ साली ‘रॅम्ब्लर’ या नियतकालिकात त्याने धर्मतत्त्वांच्या बाबतीतही सामान्य श्रद्धावंतांचे मत घ्यावे असा लेख लिहिला, आणि चौथ्या शतकातील एरियन वादात अनेक बिशप डळमळले असता सामान्य जनांनीच श्रद्धा राखली असा इतिहासाचा दाखला दिला. एका बिशपांनी रोमकडे तक्रार केली. न्यूमन कित्येक वर्षे संशयाच्या छायेत राहिला. १८७९ साली तोच कार्डिनल झाला. सामान्य जनांना विश्वासात घ्या म्हणणाऱ्यावर प्रथम संशय घ्यावयाचा आणि मागाहून त्याचा गौरव करावयाचा, ही रीत काही वसईची एकटीची नव्हे.

भाषेविषयी एक गोष्ट जाता जाता. १६८४ साली गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. लोकांनी तो पुरता पाळला नाही. आज कोणताही व्हाइसरॉय नसता वसईतील कित्येक घरांत मुले मराठी वाचू शकत नाहीत, आणि सामवेदी बोली आजीबरोबरच मिटते की काय अशी भीती आहे. पत्रिकेत नुसता उपदेश व सत्कार असतील, तर त्या मुलांनी ती भाषा कशासाठी शिकावी? ते दोन्ही इंग्रजीत मुबलक मिळते. आपल्या आळीची बातमी मात्र आपल्याच भाषेत असते.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. वृत्ताला मोकळीक दिली की निंदा शिरते, लहान गावात छापील शब्द फार लागतो, आणि चर्चचे नाव घेऊन कोणी जुने वैर उगवील, ही भीती खोटी नाही. पापनिवेदनात सांगितलेले अबाधित गुप्त राहिले पाहिजे, घरातले भांडण घरात राहिले पाहिजे, कुणाच्या मुलीचे लग्न मोडले ही बातमी नव्हे. परंतु ज्या कृत्याचा परिणाम उंबरठा ओलांडून शेजाऱ्याच्या विहिरीत जातो ते कृत्य खासगी राहत नाही. आणि चर्चच्या पेटीत पडलेला पैसा तर कधीच खासगी नव्हता. एवढा भेद करण्याइतकी बुद्धी संपादकमंडळांपाशी खचित आहे. उणीव असलीच तर ती धैर्याची असेल.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. येत्या पास्खाच्या अंकात एका पानावर धर्मग्रामाचा वर्षाचा जमाखर्च छापावा. समोरच्या पानावर आपल्या हद्दीतील बावखलांची यादी द्यावी, किती होती, किती उरली, आणि कोणत्या वाडीतील केव्हा बुजली. आणि त्याखाली अंथरुणाला खिळलेल्यांची नावे, त्यांची अनुमती घेऊन, आळीवार द्यावी. सत्कारांची छायाचित्रे त्यानंतर, जागा उरल्यास.