दिवसाउजेडीचा उपचार

आमच्या गल्लीत एका घरी काय शिजते ते चौथ्या घरी कळते. त्यामुळे माझे बाबा दारू पितात ही गोष्ट कधीच लपलेली नव्हती. रात्री साडेनऊच्या सुमारास ते कोपऱ्यावरून वळले की त्यांच्या चालीवरूनच लोक समजत. त्याबद्दल आम्हांला कुणाशी खोटे बोलावे लागले नाही, कारण कुणी काही विचारतच नसे. खोटे बोलायची पाळी आली ती बाबांनी उपचार सुरू केले त्या सकाळी. हा लेख त्या खोट्याविषयी आहे. तो बाबांना विचारूनच लिहीत आहे. ते म्हणाले, "लिही. गल्लीचं नाव तेवढं घालू नकोस."

बाबा उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करतात. गेल्या पावसाळ्यात सकाळच्या वेळी त्यांचे हात थरथरू लागले. एके दिवशी माप चुकले, जॉब वाया गेला आणि मालकांनी त्यांना डॉक्टरांकडे जाऊन यायला सांगितले. डॉक्टरांनी मनोविकार विभागाची चिठ्ठी दिली. ती वाचून आईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे धारवाडला?" आमच्याकडे धारवाड या नावाचा एक अर्थ पिढ्यान्‌पिढ्या 'वेड्यांचे इस्पितळ' असाच झालेला आहे. आज तिथे मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची मोठी संस्था उभी आहे, पण जिभेवर बसलेला अर्थ लवकर उठत नाही.

धारवाडला जावे लागले नाही. आमच्याच शहरातील एका रुग्णालयात दिवसाचे उपचार मिळत होते. आठवड्याचे पाच दिवस, सकाळी दहा ते दुपारी चार, असे सहा आठवडे; आणि रोज संध्याकाळी घरी. काकांना हे मुळीच पटले नाही. "ॲडमिट केल्याशिवाय दारू सुटते होय? दिवसा औषध आणि रात्री गुत्ता!" असे ते म्हणाले. त्या वेळी मलाही तसेच वाटत होते. सहा आठवड्यांनंतर माझे मत बदलले. ते का बदलले, हे माझ्या विद्यार्थिमित्रांना आणि गुरुजनांना सांगावेसे वाटते.

दिवसाचे उपचार सर्वांना चालतात असे नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, माणूस बरळू लागतो. वेळीच इलाज झाला नाही तर जीवही जाऊ शकतो. देवापुढे शपथ घेऊन घरच्या घरी 'उद्यापासून बंद' करणे म्हणूनच धोक्याचे असते. पूर्वी कधी फिट आली होती का, यकृताची स्थिती कशी आहे, घरी रात्री लक्ष ठेवायला कोणी आहे का, हे सारे विचारून आणि तपासून मगच डॉक्टरांनी बाबांना घरी राहण्याची मुभा दिली. पहिला आठवडा हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या, 'ब-१' जीवनसत्त्व आणि रोजची तपासणी यांत गेला. ज्यांना धोका अधिक, त्यांना आधी दाखलच करून घेतात.

आईने मागे एकदा कुणाच्या सांगण्यावरून एक पुडी आणून आमटीत कालवली होती. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर आपण सर्वांनीच वाचल्या आहेत. बाबांच्या सुदैवाने तिचा काही परिणाम झाला नाही. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना दारू घेतली तर छातीत धडधड, वांत्या, रक्तदाब उतरणे असे प्रकार होतात आणि ते जिवावर बेतू शकते. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. नकळत कुणाची दारू सुटत नाही, हे मला तिथे कळले. उपचारांचा सारा भर माणसाला कळते करण्यावरच होता.

दिवसाच्या रुग्णालयाची कल्पना नवी नाही. १९३३ मध्ये मॉस्कोत आणि १९४६ मध्ये मॉन्ट्रियल व लंडन येथे अशी रुग्णालये सुरू झाली. आपल्या देशात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या घरच्यांना आवारातच तंबूंत राहायला बोलावले होते. माणूस घरापासून तोडून बरा करण्यापेक्षा घर बरोबर घेऊन बरा करावा, हा विचार त्यात होता. व्यसनमुक्ती म्हटले की मराठी माणसाला १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेले 'मुक्तांगण' आठवते, आणि तिथे जाऊन राहणे आठवते. अनेकांना तोच मार्ग योग्य असतो. पण आत राहणाऱ्याची परीक्षा बाहेर पडल्यावर सुरू होते. दिवसाच्या उपचारांत ती रोज संध्याकाळी चार वाजता, बसथांब्याजवळच्या दुकानापाशी सुरू होते. आज जमले नाही तर उद्या दहा वाजता त्याबद्दल बोलायला माणसे बसलेली असतात. काकांच्या प्रश्नाला माझे हेच उत्तर आहे.

बाबांबरोबर पहिला आठवडा रोज आणि पुढे दर शुक्रवारी घरच्या एकाने यायचे होते. आई शिवणकाम करते. तिचा रोज बुडवणे परवडत नव्हते. भाऊ दहावीत. म्हणून मी गेले. शुक्रवारी सर्व कुटुंबांची एकत्र बैठक होई आणि ती बहुतेक कानडीत चाले. बाबांची कानडी बाजारापुरती, तेव्हा दुभाष्याचे काम माझ्याकडे आले. एका शुक्रवारी एका रुग्णाची पत्नी डोळे पुसत म्हणाली, "नमगू भाळ व्यसन आगैत्रि." बाबा दचकून माझ्या कानाशी लागले, "बाईसुद्धा पिते?" मला हसू आवरेना. कानडीत 'व्यसन' म्हणजे दुःखही. आम्हांलाही फार दुःख झाले आहे, असे ती बिचारी म्हणत होती. मी बाबांना अर्थ सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "एकच शब्द आहे की मग." एकाच संस्कृत शब्दातून मराठीने पिणाऱ्याचा दोष उचलला आणि कानडीने दुःखही जपले. घरात मात्र दोन्ही एकदमच नांदत असतात.

आता त्या खोट्याकडे येते. पहिल्या सकाळी शेजारच्या काकूंनी विचारले, "कुठं जायलाय बापलेक सकाळ सकाळी?" मी म्हणाले, "बँकेत." दुसऱ्या दिवशीही बँकेत, तिसऱ्या दिवशीही. बँकेत रोज जाणारा माणूस एक तर तिथे नोकरीला असतो, नाहीतर त्याचे कर्ज बुडीत निघालेले असते! आईने बजावले होते, "तुझ्या लग्नाचं बघायचं आहे. बाबा मनाच्या डॉक्टरकडे जातात हे कुठं बोलू नकोस." म्हणजे बाबा रोज पिऊन येत होते तेव्हा माझ्या लग्नाला धोका नव्हता, ते सोडायला निघाले तेव्हा धोका उत्पन्न झाला. कॉलेजात मी अर्ज दिला की आजी अत्यवस्थ आहे. माझी आजी २०१९ मध्येच वारली.

सतराव्या दिवशी बाबा प्यायले. चार वाजता बसथांब्यावर त्यांचे एक जुने सोबती भेटले. त्यांनी सहज विचारले, "काय, कुठं असता हल्ली? कारखान्यात दिसत नाही." बाबांना उत्तर सुचेना. 'उपचाराला जातो' हे सांगायचे नव्हते, आणि दुसरे काही जुळवून ठेवले नव्हते. ते नुसते हसले, आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ दोघे दुकानात गेले. रात्री घरात कोणी जेवले नाही. सकाळी मला वाटले, संपले सारे. पण साडेआठ वाजता बाबा दाढी करून तयार होते. म्हणाले, "चल, आज शुक्रवार आहे." बैठकीत त्यांनी सारी हकिगत स्वतः सांगितली, मी ती कानडीत केली. त्यांना कोणी रागावले नाही. समुपदेशिकेने मात्र त्यांना एक वाक्य तोंडपाठ करायला दिले: "मी दारू सोडायचे उपचार घेतो आहे, मी येणार नाही." ते वाक्य बाबांनी आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात मराठीत आणि कानडीत घोकले. भावाने शाळेत पाढेही इतके घोकले नसतील.

मला जे म्हणायचे आहे ते या प्रसंगात आहे. दारूने जितके ओढले तितकेच आम्ही जपलेल्या खोट्यानेही बाबांना दुकानात ढकलले. ते खोटे रचायला मीही हातभार लावला होता.

येथे कोणी म्हणेल, प्रत्येकाने आपले दुखणे चव्हाट्यावर मांडायचे काय? नाही. रुग्णाची माहिती गुप्त राहणे हा त्याचा हक्क आहे आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो मान्य केला आहे. मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही याच कायद्याने आजारात धरल्या आहेत. पण गुप्तता आणि लपवाछपवी यांत फरक आहे. गुप्तता रुग्ण स्वतः निवडतो. लपवाछपवी त्याच्यावर लोकांच्या भीतीने लादली जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की मद्याच्या आजारासाठी ज्यांना उपचारांची गरज होती अशा शंभरांपैकी सुमारे ८६ जणांना ते मिळालेच नव्हते. याला डॉक्टरांची टंचाई कारण आहेच. पण दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन 'ओळखीचे कोणी पाहील' म्हणून परत फिरलेले किती असतील?

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने मी हिशेबही मांडला. रोज दीडशे रुपयांची दारू म्हणजे महिन्याला ४,५०० आणि वर्षाला ५४,००० रुपये. सहा आठवड्यांची बिनपगारी रजा, औषधे आणि बसभाडे धरूनही उपचार स्वस्त पडले. पण मालकांनी बाबांची जागा भरली नाही म्हणूनच हा हिशेब जुळला. दिवसाचे उपचार म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे. सर्वांचे मालक थांबत नाहीत.

मालकांना सांगण्याइतकी मी मोठी नाही, पण कॉलेजला एक विनंती करते. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम असावा, त्याला माझा विरोध नाही. एन.सी.सी.च्या शिबिराला किंवा आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना गेलेल्यांची हजेरी आपण धरतो. मग स्वतः असे उपचार घेणाऱ्या, किंवा घरच्या माणसाला उपचाराला नेणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी का धरू नये? दाखला बंद पाकिटात एकाच प्राध्यापकांकडे द्यावा. कारण फलकावर लागू नये. माझे दहा दिवस बुडाले. ते मी मेलेल्या आजीच्या नावावर भरून काढले, याची मला लाज वाटते. माझ्या मागून येणाऱ्यांना ते करावे लागू नये. ज्यांना सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. त्यावर मराठीतही बोलता येते आणि कानडीतही.

बाबा पुन्हा लेथवर जाऊ लागले आहेत. त्या सतराव्या दिवसानंतर आज पाच महिने झाले. डॉक्टर 'बरे झाले' असे म्हणत नाहीत, 'येत राहा' म्हणतात. महिन्यातून एकदा आम्ही जातो. मागच्या वेळी गल्लीतल्याच एक काकू वाटेत भेटल्या आणि त्यांनी विचारले, "कुठं जायलाय बापलेक?" मी काही बोलण्याआधी बाबाच म्हणाले, "दवाखान्यात. दारू सोडली ना मी, त्याच्या तपासणीला."

काकू क्षणभर थांबल्या. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "तिथं केसपेपर किती वाजता मिळतोय?"

कुणासाठी, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. खिडकी नऊला उघडते, एवढे सांगितले.