मोजलेले किती आणि ताडलेले किती?

एम.आर.आय.च्या अरुंद नळीत वीस-पंचवीस मिनिटे निश्चल पडून राहण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला ही तपासणी पाच मिनिटांत आटोपेल असे कोणी सांगितले तर तो सांगणाऱ्यास दुवाच देईल. यंत्राचा तो ठोठावल्यासारखा आवाज, जराही हलायचे नाही ही ताकीद, आणि नेमकी त्याच वेळी नाकाला सुटणारी खाज! ही मोठ्यांची अवस्था. लहान मुलांना तर केवळ स्थिर राहावे म्हणून अनेकदा भूल द्यावी लागते. तेव्हा यंत्राला शिकवून, म्हणजे ज्यास ‘मशीन लर्निंग’ म्हणतात त्या तंत्राने, हा वेळ कमी करण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांस नाके मुरडण्याचे कारण नाही. तो वेळ नेमका कशातून वाचतो, हे मात्र विचारले पाहिजे.

एम.आर.आय. यंत्र छायाचित्र टिपत नाही. ते मापे घेते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याचे हायड्रोजन अणू रेडिओलहरींना जो क्षीण प्रतिसाद देतात, तो हे यंत्र ओळीओळीने नोंदवते आणि अशा शेकडो ओळी जमल्या की गणिताने त्यांचे चित्र होते. वेळ लागतो तो या ओळी जमविण्यास. न्यूयॉर्कमध्ये ३ जुलै १९७७ रोजी रेमंड डमेडियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसाच्या छातीचे असे पहिले चित्र मिळविले, तेव्हा पावणेपाच तास लागले होते. पुढे वेगवान पद्धती निघाल्या, अनेक कॉइल एकाच वेळी वापरण्याची युक्ती निघाली, आणि तास मिनिटांवर आले. नवे तंत्र मात्र निराळ्या वाटेने जाते. ते बऱ्याचशा ओळी घेतच नाही, आणि पूर्वी पाहिलेल्या हजारो चित्रांच्या अनुभवावरून रिकाम्या जागा भरून काढते.

मोडी दप्तरांत काम केलेल्या जाणत्या वाचकास ही रीत परकी वाटणार नाही. कागदाला कसर लागलेली असली तरी तो मायना बिनचूक वाचतो, कारण असे शेकडो मायने त्याच्या नजरेखालून गेलेले असतात. पण कसरीने नेमका रकमेचा आकडा खाल्ला असेल, किंवा दुसऱ्या कुठल्याच कागदात न आलेले एखादे गाव खाल्ले असेल, तर त्याचा अनुभव काय कामाचा? प्रामाणिक वाचक तेथे टिंबे देतो. यंत्र टिंबे देत नाही. ते तेथेही सुवाच्य अक्षर काढून ठेवते. आणि रोग म्हणजे तरी काय? नेहमीच्या मायन्यात न बसणारा मजकूरच तो.

ही भीती निव्वळ तर्कातून आलेली नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आणि फेसबुकचा संशोधन विभाग यांनी २०१८ साली ‘फास्ट एम.आर.आय.’ हा प्रकल्प सुरू केला आणि गुडघ्याच्या दीड हजारांहून अधिक तपासण्यांची मूळ मापे संशोधकांना खुली केली, ही त्यांची थोरवी मान्य केली पाहिजे. त्यांनी २०२० साली १०८ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. सहा तज्ज्ञांनी नेहमीची आणि नव्या रीतीची चित्रे तपासली. एकाऐवजी दुसरे चित्र वापरल्यास निदानात फरक पडण्याचे प्रमाण कोणत्याही दोषाबाबत ४ टक्क्यांहून अधिक नसेल, असा निष्कर्ष निघाला. उत्तमच. परंतु त्यातील दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही, की वेग संपूर्ण मापनाच्या सुमारे साडेतीन पट असला तरी त्या रुग्णालयात रूढ असलेल्या पद्धतीच्या तो दुपटीहूनही थोडा कमीच होता. शिवाय या अभ्यासात घाई प्रत्यक्ष झालेलीच नव्हती, घेतलेल्या मापांतील काही मागाहून वगळली होती. (प्रत्यक्षात कमी मापे घेऊन केलेला अभ्यास २०२३ साली आला.) दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. सहाही तज्ज्ञांना नवी चित्रे जुन्यांहून सरस वाटली. कमी मापांतून अधिक देखणे चित्र! एरवी अपुरी माहिती धूसर दिसे, आणि त्या धूसरपणानेच डॉक्टर सावध होत असे. आता तो इशाराही पुसला जातो. याच प्रकल्पाने मेंदूच्या चित्रांची जी स्पर्धा भरविली, तिच्यात मापे फारच कमी केल्यावर काही चित्रांत मुळात नसलेल्या रेघा उमटल्याचे परीक्षकांना आढळले.

आपल्या दृष्टीने आणखी एक प्रश्न आहे. न्यूयॉर्कच्या गुडघ्यांवर शिकलेल्या यंत्राने क्षयाने पोखरलेले मणके कितीसे पाहिले असतील? आपल्याकडील अस्थिव्यंगतज्ज्ञांना असे मणके नवे नाहीत. अशी आज्ञावली २०२० पासून अमेरिकी औषध प्रशासनाच्या मान्यतेने विकली जात आहे. पण तेथील मान्यता म्हणजे येथील परीक्षा नव्हे. येथील काही रुग्णांची तपासणी दोन्ही रीतींनी करून पडताळा घेतल्याशिवाय कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाने ती खरेदी करू नये.

वेळ वाचला की रांग आपोआप आटेल, हाही भाबडेपणाच. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत तपासणीचा क्रमांक लागण्यास आठवडे जातात, ते केवळ यंत्र सावकाश चालते म्हणून नव्हे. यंत्र बंद पडलेले असते, तंत्रज्ञाची जागा रिक्त असते, आणि चित्रे निघाली तरी ती वाचणारा डॉक्टर एकच असतो. त्याच्यापुढे दुप्पट चित्रे ठेवल्याने त्याचे डोळे दुप्पट होत नाहीत. भूल टळलेल्या मुलाचा लाभ खरा आहे आणि त्या एका कारणासाठीही हे तंत्र यावे; पण खाजगी केंद्रात दिवसाकाठी चार रुग्ण अधिक बसले म्हणून तपासणीचे शुल्क उतरेल, अशी आशा निदान प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. तपासणीच्या अहवालावर किती मापे प्रत्यक्ष घेतली आणि कोणत्या आज्ञावलीने चित्र पुरे केले, याची एक ओळ असावी. चित्र तयार झाल्यावर मूळ मापे सहसा टाकून दिली जातात, ती ठराविक मुदतीपर्यंत जपून ठेवणे केंद्रांस बंधनकारक व्हावे. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च फार नाही. सहा महिन्यांनी दुखणे बळावले आणि दुसऱ्या डॉक्टरांना शंका आली, तर ती रेघ शरीरात होती की यंत्राने काढली होती, हे त्या मापांवरून तरी पाहता येईल.