दहापैकी सात

कृषी पदवीनंतर लेक नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठात गेली असेल, तर दहापैकी ७ गुण ऐकून रागावू नका. तिथे साधारण ५.५ ला उत्तीर्ण धरतात. ९-१० फार क्वचित पडतात. कर्ज काढून पाठवलेली पोर आधीच धास्तावलेली असते. तिथे प्राध्यापकांनाही नावाने हाक मारतात, पटले नाही तर तोंडावर सांगतात. आपण शिकवलेली मान खाली घालण्याची रीत तिथे आड येते. गप्प बसणाऱ्याला विषय कळला नाही, असा समज होतो. म्हणून फोनवर गुणांआधी 'आज वर्गात काय विचारलेस?' असे विचारा. दुपारचे जेवण मात्र थंड पाव नि चीज! बांधून द्यायचे तर मेतकूट द्या. तूप, पेढे नकोत. भारतातून दुधाचे पदार्थ सामानातून नेण्यास युरोपीय संघात बंदी आहे.