गणवेष आणि नजर

गतवर्षी गणेशोत्सवाच्या तयारीसाठी आमच्या गावच्या मंडळाची बैठक भरली असता, सांस्कृतिक कार्यक्रमात भाग घेणाऱ्या मुलींनी कोणता पोशाख करावा, ह्या प्रश्नावर पाऊण तास चर्चा झाली. बाह्यांची लांबी, पाठीचा गळा, ओढणी, सर्वांचा यथासांग विचार झाला. मंडपाबाहेर घोळका करून मुलींना न्याहाळणाऱ्या तरुणांविषयी मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. मीही काढले नाही.

माझे हे मौन जुनेच आहे. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी तक्रार घेऊन आली. बसथांब्यावर काही पुरुष रोज तिच्या पायांविषयी अचकटविचकट बोलत असत. मी वडीलकीच्या स्वरात तिला स्कर्ट जरा लांब शिवण्याचा उपदेश केला. ती खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, स्कर्टची लांबी शाळेनेच ठरवली आहे." ह्यावर मला उत्तर सुचले नाही. ते शोधता शोधता मी जपानसंबंधी वाचू लागलो. कारण मुलींच्या शालेय गणवेषाचे नाव काढताच त्या देशाचे चित्र डोळ्यांपुढे येते.

खलाशी पद्धतीच्या कॉलरचा तो सुप्रसिद्ध गणवेष तेथील कन्याशाळांत १९२० च्या सुमारास आला. मुळात तो ब्रिटिश आरमारातील पुरुषांचा पोशाख! मुलींनी तो निवडला नव्हता. माझ्यासारख्या शिक्षकांनी सोय आणि शिस्त पाहून तो त्यांना दिला. तोच पुढे पुरुषी वासनेचे चिन्ह होऊन बसला. आगगाडीच्या गर्दीत मुलींच्या अंगाला हात लावणाऱ्यांसाठी जपानी भाषेत 'चिकान' असा रूढ शब्दच आहे.

आखूड स्कर्टामुळे हे घडते, असे कोणी म्हणेल. त्याने थोडे मागे जाऊन पाहावे. तायामा काताई ह्या लेखकाने १९०७ साली 'शोजोब्यो' नावाची कथा लिहिली. 'कन्यारोग' असा त्या नावाचा अर्थ करता येईल. तिचा नायक बायकामुले असलेला गृहस्थ. कामावर जाताना तो रोज गाडीतील शाळकरी मुलींकडे टक लावून पाहतो, आणि अखेर तसेच पाहता पाहता गाडीतून पडून मरतो. त्या काळच्या विद्यार्थिनी किमोनोवर पायघोळ हाकामा नेसत. उघडे असे काय होते? रोग कोणाला जडला आहे, हे त्या लेखकाने अचूक ओळखले होते. १९१२ साली टोकियोच्या चुओ मार्गावर स्त्रियांसाठी निराळे डबे सुरू झाले. पुढे २००० साली केइओ रेल्वेने पुन्हा तसेच डबे जोडून पाहिले आणि २००१ पासून ते कायम केले. ह्या नव्वद वर्षांत पोशाख आमूलाग्र बदलला, पण डबा लागलाच.

झाकण्याच्या मार्गाने जावे तर त्याला अंत नाही. तेथील काही शाळांनी मुलींना केस उंच बांधण्यास मनाई केली. कारण काय, तर मानेचा मागचा भाग पाहून मुलांचे चित्त विचलित होईल! क्रीडांगणावर अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने कपड्यांतून आरपार चित्रे टिपणारे निघाले, तेव्हा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी जपानी खेळाडूंच्या पोशाखाचे कापडच निराळे विणावे लागले.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ओसाका प्रांतातील एका संगीतमहोत्सवात दक्षिण कोरियाच्या डीजे सोडा ह्या कलावतीच्या अंगाला प्रेक्षकांनी हात लावला. तिचे कपडे तोकडे होते, म्हणून तिलाच दोष देणारे पुष्कळ निघाले. तसा पोशाख मला स्वतःला रुचत नाही. परंतु माझ्या नावडीने कोणाच्या हाताला परवाना मिळत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटली ती २०१५ मधील एका जपानी शाळकरी मुलीची हकीगत. गाडीत वारंवार त्रास होऊ लागला, तेव्हा चिकान हा गुन्हा आहे आणि मी मुकाट्याने सोसणार नाही, अशा अर्थाची चिठ्ठी तिने आपल्या पिशवीला अडकवली. त्रास जवळजवळ थांबला. स्कर्ट तोच होता, गाडीही तीच होती. ही बोलेल, एवढे त्या पुरुषांना कळले.

आपण गिरमिटियांची लेकरे. आपल्याला हे परक्या देशाकडून शिकावे लागावे, ह्याचे मला वैषम्य वाटते. माझी आजी उसाच्या शेतात लांब बाह्यांचा सदरा, टोपी आणि बूट घालून राबत असे. पात्यांपासून अंग वाचावे म्हणून. तरीही सरदाराच्या नजरेविषयी बायका आपसात कुजबुजत, ते मी लहानपणी ऐकले आहे. १९१३ च्या एप्रिलमध्ये फिजीत कुंती नावाच्या गिरमिटिया स्त्रीला मळ्यात एकटीला कामास लावून गोऱ्या मुकादमाने तिच्यावर हात टाकला. तिने नदीत उडी घेऊन स्वतःची सुटका केली. 'भारतमित्र' पत्राने तिची कहाणी छापली. लोकांनी जाब मागितला तो मुकादमाचा आणि सरकारचा.

यंदाच्या बैठकीत पोशाखाचा विषय पुन्हा निघेलच. तो निघाला की माझी सूचना अशी राहील: उत्सवापूर्वीची एक संध्याकाळ बारा ते वीस वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवावी, त्यांच्या वडिलांनीही यावे, आणि मंडपाबाहेर रोज दोन वडीलधाऱ्यांनी उभे राहावे. पहिल्या संध्याकाळी बोलण्याची जबाबदारी मी घेतो. माझी ती विद्यार्थिनी आता स्वतः आई झाली आहे; तिची मुलगी यंदा कार्यक्रमात नाचणार आहे. ती सभागृहात आलेली असेल, तर त्या जुन्या उपदेशाबद्दल मी तिची तेथेच क्षमा मागेन.