'देजो' आणि 'प्लीज'

मराठीत 'प्लीज'ला शब्द नाही, म्हणून मराठी माणूस उद्धट, असा एक समज आमच्या सुशिक्षित कुटुंबांत रूढ होऊ पाहत आहे. परवा देवरीस एका घरी आजीबाई नातवास म्हणाल्या, "बापू, पाण्याचा तांब्या देजो." नातू उत्तरला, "आधी प्लीज म्हण!" आईबापांनी कौतुकाने मान डोलावली. आम्हांस कीव आली ती पोराच्या नव्हे, आईबापांच्या अज्ञानाची. 'दे' ही आज्ञा. 'देजो' ही विदर्भाच्या बोलीतील मृदू विनंती. आजींचे सौजन्य क्रियापदातच होते!

इंग्रज तरी निराळे काय करतो? 'कॅन'चे 'कुड' करून, भूतकाळी रूपाने तो विनंती मृदू करतो. आम्ही 'द्याल का?' म्हणून भविष्यकाळाने तेच साधतो. मदत देऊ करतानाही 'मी आपणांस मदत करू शकतो का?' हे भाषांतर कशाला? 'आणा, मी धरतो' म्हणणाऱ्याचा हात शब्दाबरोबरच पुढे होतो.

इंग्रजी बोलताना 'प्लीज' अवश्य म्हणावे. तो त्या भाषेचा शिष्टाचार आहे. पण त्या मापाने आपल्या आजीस असभ्य ठरविणे, हीच खरी असभ्यता होय.