पाडव्याचा हिशेब



पाडवा आला की गावोगाव साल ठरते. ज्वारी किती, रोख किती, खाडे किती चालतील हे बोलले जाते आणि उचल गड्याच्या हातावर पडते. इथवर काही वावगे नाही. पुढे बायको आजारी पडते, पोरीचे लग्न निघते, उचल वाढते. खाडा दुपटीने कापला जातो. पुढच्या पाडव्याला वहीत गड्याकडेच बाकी निघते. ‘बाकी फेड आणि जा’ म्हणणाऱ्या मालकाला ठाऊक असते की याच्याकडे विकायला फक्त दिवस आहेत, आणि तेही आपणच घेतले आहेत. मग आणखी एक साल.

याला वेठबिगारी म्हणतात. १९७६ च्या कायद्याने अशी बाकी फेडण्याचे बंधनच उरलेले नाही. उचल देणे गुन्हा नाही. उचलीपोटी माणूस अडकवणे गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करायचे ते देणाऱ्याने. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीदेखील वेठच, असे सुप्रीम कोर्टाने १९८२ साली सांगितले.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. पावसाने दगा दिला की बीडकडचा कोरडवाहू शेतकरी दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला निघतो. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच्याचकडे. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले, तेव्हा कुठे सरकारने चौकशी समिती नेमली. म्हणजे इथला मालक तिथला गडी आहे. वही तीच, फक्त धरणारा हात वेगळा.

‘कापसाचा खर्च निघत नाही, गड्याला कोठून देऊ?’ हा सवाल खोटा नाही. पण त्याचे उत्तर सरकारकडून घ्यायचे असते, गड्याच्या पोटातून नव्हे. लुटला गेलेला माणूस आपल्याहून दुबळ्याला लुटू लागला, तर लुटणाऱ्याचेच फावते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. मग आपल्या घरातल्या वहीचे काय?

या बैठकीत प्रत्येक गावाने तीन गोष्टी ठरवाव्यात. साल ठरताना हिशेब दोन प्रतींत लिहायचा, एक गड्याकडे. खाड्याचा दंड बंद. बाकी असो वा नसो, जाणाऱ्याला अडवायचे नाही. आणि कोणी कोठे अडकला असेल, मग तो गडी असो की कोयता, तर कलेक्टरकडे लेखी अर्ज करायचा. त्याला सोडवण्याची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावरच टाकली आहे.

कर्जमुक्ती मागणाऱ्याच्या दारात कर्जाने बांधलेला माणूस उभा असता कामा नये.