तिसऱ्या परिपत्रक वाचत नाहीत

१ जून ते ३१ जुलै. यांत्रिक मासेमारीच्या बंदीच्या या तारखा गोव्यात सगळ्यांना पाठ आहेत. कारणही पाठ : माशांच्या विणीचा हंगाम. पण आपल्या तिसऱ्यांची वीण कधी? एक म्हणतो पावसात, दुसरा म्हणतो शिगम्याच्या सुमारास, तिसरा म्हणतो, बाबा, मिळतात तोवर खाऊन घे!

सरकारी कारकुनीत एक गोष्ट मी पुरती ओळखून आहे. कागदावर तारीख घालायला अक्कल लागत नाही. ती तारीख का, हे सांगायला लागते.

'आमच्या आजीला तिसरी उघडताच कळायचे,' असे सांगणारे भेटतात. आजीला कळायचे ते तिसरी भरलेली आहे की नाही, एवढेच. आणि भरलेली तिसरी म्हणजे बहुधा विणीच्या तोंडावर आलेली! म्हणजे जिला सोडायला हवी, नेमकी तिचेच आपण सुके करतो.

बाहेरून पाहून तिसरीत नर कोण, मादी कोण, हेही कळत नाही. जुनी शास्त्रीय रीत म्हणजे आतल्या मांसाचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. त्यातून अवस्था कळते, अंडी किती ते कळत नाही. यावर उपाय आहे प्रथिनाची खूण. तिसरीच्या अंड्यातले प्रथिन सशाला टोचतात. सशाच्या रक्तात त्याला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार होते. त्याने चाचणी केली की जितका रंग गडद, तितकी अंडी जास्त. दरमहा मोजत गेले तर आकडा चढत जातो, आणि एकदम कोसळला की समजावे, वीण झाली. दक्षिण कोरियाच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या मनिला तिसरीची अंडी अशीच मोजून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

'हे परदेशी लाड आपल्याला कशाला?' असे विचारणाऱ्यांनी केरळात जावे. अष्टमुडी सरोवरात आपल्याकडे मिळणाऱ्याच एका जातीच्या तिसऱ्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी वेचणी बंद ठेवतात. २०१४ साली त्या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले, देशातले पहिले. बंदीचे महिने पाहिलेत? जून-जुलैशी काडीचा संबंध नाही. म्हणून उद्या केरळची तारीख उचलून इथे चिकटवली, तर तेही तितकेच खुळेपणाचे. आपल्या नद्यांचे पाणी वेगळे, पावसाने त्याचा खारेपणा उतरण्याचे गणित वेगळे. त्यात तिसऱ्या आणि खुबे या जातीच निराळ्या.

दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झालेली. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालव्यातल्या तिसऱ्यांवरचा अभ्यास १९७३ सालीच छापून आला. म्हणजे विद्या घरात आहे. आता प्रत्येक नदीत, प्रत्येक जातीची, दरमहा मोजणी हवी, आणि आकडे पंचायतीच्या फलकावर मराठी-कोंकणीत लागायला हवेत.

कारण ओहोटीला कमरेभर पाण्यात उभी राहून तिसऱ्या काढणारी बाई कोणत्याच फायलीत नसते. न मोजता बंदी घातली तर तिची चूल विझेल. न मोजता मोकळीक दिली तर चार वर्षांनी तिची टोपली रिकामी येईल. दोन्हीकडून मरण तिचेच. मोजणीचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडून दाखवावा.